निळ्या अंड्यांचा निरोप

खुराड्याची मागची फळी सैल झालीय, हे मी सोफानोरला मे महिन्यात सांगितलं होतं. तो म्हणाला, करतो. जूनमध्ये पुन्हा सांगितलं, तेव्हाही म्हणाला, करतो. माझा नवरा माणूस वाईट नाही, पण त्याचं 'करतो' म्हणजे ऐकून घेतलं, एवढंच. ऑगस्टच्या, म्हणजे आमच्याकडच्या हिवाळ्यातल्या, कडक थंडीत सलग चार दिवस पाऊस लागला, बुदीच्या तळ्याचं पाणी कुरणात चढलं, आणि पाचव्या दिवशी सकाळी मी दाणे टाकायला गेले तर खुराड्यात नुसती पिसं. रानमांजर त्याच फळीतून आत शिरलं होतं. चौदा कोंबड्या आणि एक कोंबडा. खाल्ल्या दोन, मारल्या सगळ्या. एक तांबडी तेवढी वाचली, कारण तिला खुराड्यात झोपायची सवयच नव्हती. ती सफरचंदाच्या झाडावर पिसं फुगवून बसली होती.

तांबडी आमची साधी कोंबडी. मेल्या त्या साध्या नव्हत्या. त्यांना शेपूट नसतं, कानांपाशी पिसांचे झुबके असतात आणि त्यांची अंडी निळी असतात, आतूनबाहेरून निळी. माझी सासू दोमितिला लग्न होऊन आली तेव्हा त्यांच्यातली एक काखेत धरून घेऊन आली होती. तिची आईसुद्धा तशीच घेऊन आली होती. सासूच्या दोन्ही डोळ्यांत आता मोतीबिंदू. उजेड-अंधार कळतो, माणूस कळत नाही. मी मेलेल्या कोंबड्या पोत्यातून चुलीपाशी आणल्या तर तिनं एकेक हातात घेऊन कानाचे झुबके चाचपले. कुणाची कुठली, सगळं तिच्या बोटांना ठाऊक. सगळ्या झाल्यावर तिनं हात धुतले आणि आठ दिवस घरात कुणाशी बोलली नाही. सोफानोरनं त्याच दिवशी फळी ठोकली. रिकाम्या खुराड्याची फळी ठोकताना त्याच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

नवव्या दिवशी सासूनं मला हाक मारली आणि म्हणाली, निरोप न्यायचाय.

तळ्याच्या पलीकडच्या काठावर क्लोरिंदा राहते. ती सासूची त्राफकिन. म्हणजे चाळीस वर्षांपूर्वी सासूनं तिला निळी अंडी दिली आणि तिनं सासूला बटाट्याचं जांभळं बियाणं दिलं. तेव्हापासून दोघी एकमेकींना नावानं हाक मारत नाहीत, त्राफकिनच म्हणतात. सख्ख्या बहिणींत थोडंफार खोटं खपून जातं. त्राफकिनशी एक शब्द खोटा बोललेला चालत नाही.

आता घरोघरी फोन आहेत. पण सासूचा निरोप फोनवरून जात नाही. तिच्या पद्धतीत निरोप नेणाऱ्यानं तो घरून निघताना तीनदा म्हणून दाखवायचा, तिकडे पोचल्यावर दोनदा सांगायचा, आणि एक शब्द इकडचा तिकडे करायचा नाही. पुढे ज्याला निरोप सांगितला ते माणूस भेटायला आलं की इतर काही बोलायच्या आधी तोच निरोप परत म्हणतं, तू मला असं असं कळवलंस. मग बाकीचं बोलणं. लग्न झालं तेव्हा मला या सगळ्याचं हसू यायचं. मी सांतियागोला अकरा वर्षं दुसऱ्याच्या घरी भांडी घासून आलेली. पण पाठांतर माझं चांगलं, पायही चांगले, म्हणून घरचे निरोप मीच न्यायची. सोफानोरला पाठवलं तर तो निम्मा रस्त्यात विसरतो आणि उरलेल्यात आपली भर घालतो. लोक मला म्हणायचे, दोमितिलाबाईचं तोंड आलं. मला त्याचा गर्व होता, खोटं कशाला सांगू.

तर मी अंडी मागायचा निरोप घेऊन गेले. क्लोरिंदाकडेसुद्धा फार काही उरलं नव्हतं. त्या रक्ताच्या दोनच म्हाताऱ्या कोंबड्या होत्या, आणि कोंबडा ऑगस्टमध्ये मेला होता. त्याच्या आधीची जपून ठेवलेली सात अंडी तिनं मला दिली. म्हणाली, फुटतील ती अर्धी तुमची, अर्धी माझी. होडीनं आणली तर हिसके बसतील, म्हणून मी ती लोकरीत गुंडाळून तळ्याला वळसा घालून तीन तास चालत आणली. चिखलात दोनदा घसरले, दोन्ही वेळा टोपली वर धरून ढोपरांवर पडले. घरी आले तेव्हा सासूनं आधी अंडी चाचपली आणि मग माझी ढोपरं.

तांबडी सप्टेंबरमध्ये खुडूक बसली. सासूनं चुलीजवळच्या कोपऱ्यात टोपलीत गवत घातलं, सात अंडी ठेवली आणि त्यांच्याखाली एक जुना लोखंडी खिळा ठेवला. वीज कडाडली की अंड्यातली पिल्लं दगावतात, लोखंड असलं की वाचतात. आठव्या दिवशी मी बॅटरीच्या उजेडासमोर एकेक अंडं धरून बघितलं. पाच अंडी नुसतीच होती. दोहोंत जीव होता, कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा आणि मध्ये हलणारा ठिपका. दोन घरं आणि दोन अंडी. या काठाला त्या कोंबड्यांचं बी उरलं होतं ते एवढंच.

ते तीन आठवडे बटाट्याच्या लावणीचे. सोफानोर बैल धरायचा, मी मागून वाकून सरीत बियाणं टाकायची, वर समुद्राकाठचं शेवाळ घालायची. संध्याकाळी कंबर सरळ होत नसे. पण घरात शिरले की आधी टोपलीकडे जायची. सासू म्हणायची, "ती बसलीय ना? मग तिला बसू दे. तू कशाला बसतेस तिच्यासोबत?"

एकविसावा दिवस आला, आणि त्याच दिवशी सासूची डोळ्यांच्या दवाखान्यातली तारीख आली. ती तारीख मिळायला दोन वर्षं लागली होती. ती चुकवली असती तर पुढची मिळेपर्यंत म्हातारी उरते की नाही, कोण जाणे. सोफानोर तिला घेऊन सकाळच्या बसनं निघाला. बस थांबलेली, ड्रायव्हर भोंगा वाजवतोय, आणि ही दारात माझं मनगट धरून उभी.

"हात लावू नकोस. ओरडताना ऐकू आलं तरी लावू नकोस. वेळ लागतो त्याला, लागू दे."

"नाही लावत, पापाय," मी म्हणाले. वडीलधाऱ्या बाईला आमच्यात पापायच म्हणतात.

"तुझे हात घाईचे आहेत, ओर्फेलिना. मी त्यांना ओळखते."

मला राग आला. बावीस वर्षं या घरात राबतेय, बसच्या सगळ्या खिडक्यांसमोर मला असं कशाला बोलायचं? त्या रागातच मी घरात आले.

पहिलं पिल्लू आठ वाजताच बाहेर आलं. मी भाकर राखेतून काढत होते, वळून बघते तर तांबडीच्या पंखाखाली ओलं डोकं. टरफल बाजूला पडलेलं. वरची टोपी कातरीनं कापावी तशी गोल निघालेली. दुसऱ्या अंड्याला बारीक भोक पडलं होतं आणि त्यातून चोचीचं टोक दिसत होतं. मी खूश झाले. आता दुपारपर्यंत दोन्ही बाहेर, म्हातारीला काय सांगायचं तेही मी ठरवून टाकलं.

नऊ वाजता बघितलं, तेवढंच भोक. दहा वाजता बघितलं, तेवढंच. मी डुकरांना घालून आले, लाकडं फोडली, परत बघितलं. दर वेळी मी गेले की तांबडी फुसफुसत उठायची, अंडं उघडं पडायचं आणि दारातून गार वारा आत यायचा. हे मला आता कळतं. अकराच्या सुमाराला भोकाच्या कडेचा पापुद्रा वाळून पिवळा पडला. आतलं चिवचिव बारीक झालं. मध्येच थांबायचं, मी श्वास धरून बसायची, मग पुन्हा एकदा यायचं. बाराला ते बराच वेळ आलंच नाही.

माझी येसेनिया जन्मली तेव्हा मी दोन दिवस अडले होते. शेवटी डॉक्टरनं चिमट्यानं ओढून काढली तिला. आज ती शहरात दुकानात कामाला आहे, धडधाकट आहे. टोपलीपुढं बसून मला तेच आठवत होतं. ओढली म्हणून वाचली ना पोर? मग याला कोण ओढणार? हात नुसते शिवशिवत होते. मी स्वतःला सांगितलं की जिवासाठी करतेय. पण खरं सांगायचं तर संध्याकाळी म्हातारी दारात आली की दोन पिल्लं तिच्या ओंजळीत ठेवायची होती आणि म्हणायचं होतं, बघा माझे घाईचे हात.

नख जाड पडत होतं. म्हणून मी गवताखाली हात घालून तो खिळा काढला. पिल्लं जगावीत म्हणून ठेवलेला खिळा. त्याच्या टोकानं टरफलाचा एक कपचा उडवला, मग दुसरा. काही झालं नाही, माझा धीर वाढला. तिसऱ्या कपच्याबरोबर पापुद्रा फाटला आणि रक्त आलं. थेंबभर नाही, चांगलं बोटावरून ओघळलं. मी थांबायला हवं होतं. पण आता अर्धं उघडलंय, पूर्ण काढलं तर वाचेल असं वाटलं आणि मी भराभर सोललं. पिल्लू माझ्या तळहातावर आलं. पोटाशी पिवळा बलक तसाच लोंबत होता, अजून आत ओढला गेला नव्हता. त्याला अजून वेळ हवा होता. ते आत दमून मरत नव्हतं, ते थांबलं होतं. मान एकदा वर केली त्यानं, आणि कानांच्या जागी दोन्ही बाजूंना ओले झुबके होते.

त्याला मरायला तासभर लागला. तोवर मी त्याला छातीशी धरून चुलीपुढं बसले होते.

संध्याकाळच्या बसनं दोघं आली. डोळ्यांचं काय झालं ते मी विचारलंही नाही. सासूनं शाल सोडायच्या आत विचारलं, किती? मी म्हणाले, एक आलं, एक गेलं. ती खाली बसली, टोपलीत हात घातला, जिवंत पिल्लू चाचपलं, परत ठेवलं. मग म्हणाली, टरफलं दे.

मी टरफलं टाकली नव्हती, तेवढं सुचलंच नव्हतं. तिनं पहिलं घेतलं, त्याच्या कडेवरून बोट गोल फिरवलं आणि मांडीवर ठेवलं. दुसऱ्याचे तुकडे तळहातावर घेऊन एकेकाची कड अंगठ्यानं चाचपली. सोफानोर दारात बूट काढायचा थांबला होता.

"हे पिल्लानं कापलेलं आहे. हे माणसानं फोडलेलं आहे." मग गवताखाली हात घातला. "खिळा कुठाय?"

खिळा माझ्या एप्रनच्या खिशात होता. मी तो तिच्या हातात दिला. तिनं टोकाला अंगठा लावला, रक्त वाळलं होतं.

"हो पापाय," मी म्हणाले, "मी फोडलं." आणि मला रडू फुटलं. सोफानोर म्हणाला, जाऊ दे आई, एक तर आहे ना. ती त्याला म्हणाली, "तू गप बस, फळीवाल्या." मला मात्र ती काहीच बोलली नाही. तिनं शिव्या घातल्या असत्या तर फार बरं झालं असतं.

तिसऱ्या दिवशी तिनं निरोप दिला. चुलीपुढं बसून मी तो तीनदा म्हणून दाखवला. 'त्राफकिन, तुझ्या अंड्यांत दोन जीव होते. एक जगला. दुसरं अंडं माझ्या घरातल्या माणसानं वेळेआधी फोडलं आणि पिल्लू मारलं. जगलं ते तुझं.' तिसऱ्या वेळेला 'फोडलं' म्हणताना माझा आवाज बसला तर तिनं चौथ्यांदा म्हणायला लावलं.

तीन तास मी तो निरोप घोकत चालले. तळ्यात काळ्या मानेचे हंस पिल्लांना पाठीवर घेऊन फिरत होते. वाटेत भेटलेल्या बायकांनी विचारलं, दोमितिलाबाईचं तोंड आज कुठं? मी हसले. क्लोरिंदाच्या कुंपणापाशी उभी राहिले, तिनं आत बोलावलं, मेंढीचं कातडं अंथरलं, येर्बाचं कडू पाणी केलं, नळी पुसून माझ्या हातात दिली. ती ठेंगणी, हसरी, तोंडात दोन दात. जवळजवळ ऐंशीची, पण डोळे अजून सुई ओवण्याइतके शाबूत. त्या डोळ्यांनी ती माझ्याकडे बघत बसली, निरोपाची वाट पाहत.

आता मी जे केलं ते सांगते. सांतियागोच्या त्या घरात पहिल्याच महिन्यात मी एक गोष्ट शिकले होते. 'मी ताट फोडलं' असं कधी म्हणायचं नाही. 'ताट फुटलं, सेन्योरा' म्हणायचं. कप निसटला, इस्त्री लागली, दूध उतू गेलं. वस्तूंचं वस्तूंनीच झालं, आपण फक्त तिथं उभे होतो. अकरा वर्षं माझ्या जिभेला तेच वळण होतं.

"त्राफकिन," मी म्हणाले, "तुझ्या अंड्यांत दोन जीव होते. एक जगला. दुसरं अंडं वेळेआधी फुटलं आणि पिल्लू मेलं. जगलं ते तुझं."

एवढाच फरक. दोन शब्द बदलले आणि माणूस गाळला. बाकीचा निरोप जसाच्या तसा. पद्धतीप्रमाणे मी तो दुसऱ्यांदाही सांगितला, आणि दुसऱ्यांदा तर तो अगदी सहज निघाला.

क्लोरिंदाचं हसू गेलं. "फुटलं? आपलं आपण?"

मी मान हलवली.

"टरफल पातळ होतं का गं?"

तिथं तरी मी सांगायचं. कुणी नव्हतं घरात. मी म्हणाले, "असेल, पापाय. कच्चं वाटत होतं."

 ती स्वतःशीच बोलायला लागली की हिवाळ्यात शिंपल्यांचा चुरा द्यायचा राहून गेला, गुडघ्यामुळं किनाऱ्यावर जाणं झालं नाही, म्हाताऱ्या कोंबड्या, त्यांना चुना नको का मिळायला. चाळीस वर्षांनी माझ्याकडे मागायला आली माझी त्राफकिन आणि मी तिला कच्ची अंडी दिली, असं म्हणाली. निघताना तिनं माझ्या हातात भाजलेल्या गव्हाच्या पिठाची पिशवी ठेवली. ती पिशवी मी घेतली. रस्त्यात ती तळ्यात फेकून द्यावी असं वाटलं, पण फेकली नाही. घरी आल्यावर सासूनं विचारलं, सांगितलंस? मी म्हणाले, सांगितलं, दोनदा.

दहा दिवसांनी, बटाट्याला पहिले कोंब आले त्या दिवशी, क्लोरिंदा आमच्या कुंपणाबाहेर येऊन उभी राहिली. पुतण्याच्या होडीनं आली होती. एका हातात काठी, दुसऱ्या हातात झाकलेली टोपली. मी शेतातून तिला बघितलं आणि सरीतच उभी राहिले. सोफानोर म्हणाला, अगं जा, म्हातारी उभीय. मी गेले, तिला आत आणलं, सासूसमोर बसवलं. सासूच्या हातात चाती होती, लोकर कातणं चाललं होतं. मी निघू लागले तर सासू म्हणाली, बस.

क्लोरिंदानं टोपली पुढं ठेवली, शाल सारखी केली आणि पद्धतीप्रमाणे सुरुवात केली.

"त्राफकिन, तू मला असं कळवलंस. माझ्या अंड्यांत दोन जीव होते. एक जगला. दुसरं अंडं वेळेआधी फुटलं आणि पिल्लू मेलं. जगलं ते माझं."

चाती थांबली. धागा तुटला नाही, नुसता लोंबत राहिला. मी चुलीतल्या एका लाकडाकडे बघत होते, त्याच्या टोकातून फेस येत होता.

क्लोरिंदा पुढं बोलत राहिली. तुझ्या सुनेला मी विचारलं, ती म्हणाली अंडं कच्चं होतं. लेकराचा स्वभाव चांगला, सांगताना तिलाच वाईट वाटत होतं. चूक माझी. मी कोंबड्यांना नीट घातलं नाही. आता माझ्याकडे त्या दोघीच आहेत, त्यातली धडधाकट आहे ती आणलीय. ही ठेवून घे, आणि जगलेलं पिल्लूही तुझ्याकडेच राहू दे. मला हिस्सा मागायला तोंड नाही.

ती हे मान खाली घालून बोलत होती. ऐंशीची म्हातारी, माझ्या घरात, माझ्या चुलीपुढं, माझ्यासमोर मान खाली घालून. मला वाटलं आता सासू बोलेल. ही निरोप बदलून आली असं म्हणेल, मला उठवेल, हाकलेल. मी त्यासाठी अंग घट्ट करून बसले होते.

सासूनं चाती मांडीवर आडवी ठेवली.

"त्राफकिन," ती म्हणाली, "ते शब्द माझे. माझ्या घरून आले म्हणजे माझेच. पण ते चुकीचे होते. तुझी अंडी चांगली होती. मी खोटं कळवलं, मला माफ कर."

आणि तिनं वाकून क्लोरिंदाचे हात शोधले. दिसत नसल्यामुळं पहिल्यांदा तिचा हात टोपलीवरच पडला, मग गुडघ्यावर, मग हातावर. जन्मात खोटं न बोललेली बाई, खोट्याची माफी मागत चाचपडत होती. मी तिच्यापासून दोन हातांवर होते. 'मी' एवढंच म्हणायचं होतं. तोंड उघडलंसुद्धा मी, आणि परत मिटलं.

क्लोरिंदानं माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. सुई ओवणारे डोळे ते, त्यांना तेवढं पुरलं.

"ऐकलं, त्राफकिन," ती म्हणाली. मग दोघींनी येर्बा घेतला, मोतीबिंदूचं विचारलं, गुडघ्याचं सांगितलं. कोंबडी परत न्यायला ती कबूल झाली नाही. म्हणाली, पाणी ओलांडून आलीय, आता इथंच घालू दे अंडी. पिल्लू कोंबडा निघाला तर दोन्ही घरी आलटून पालटून राहील.

मी तिला होडीपर्यंत सोडायला गेले. उतारावर तिनं माझा दंड धरला होता. लव्हाळ्यापाशी आल्यावर मी म्हणाले, "पापाय, ते पिल्लू मी—"

"नको," ती म्हणाली. आवाज रागाचा नव्हता. "तिनं आपल्या अंगावर घेतलंय ना? मग आता ते तुझ्याकडून मला ऐकता येत नाही. तिच्या घरून यायला हवं. तोवर गप राहा." आणि पुतण्याचा हात धरून होडीत बसली.

सासूनं मला त्यानंतर निरोप दिला नाही. एकही नाही. वर्षभर सोफानोर निरोप नेत होता. मेजवानीला बोलवायचं ते तो एक दिवस उशिराचं सांगून आला. एकदा मेंढा मागायला गेला आणि मेंढा द्यायचं कबूल करून आला. लोक पोट धरून हसायचे आणि मला विचारायचे, काय गं, तुझ्या तोंडाला काय झालं? घसा धरलाय म्हणायची. वर्षभर कुणाचा घसा धरत नाही, हे त्यांनाही कळत होतं. बियाण्यांच्या अदलाबदलीच्या मेळाव्यात मी सासूच्या मागं बसायची आणि कुणी क्लोरिंदाचं नाव काढलं की टोपलीतलं काहीतरी नीट करायला लागायची. घरात सासू माझ्याशी नेहमीसारखीच होती. भाकर मोडली की मोठा तुकडा मलाच द्यायची.

पिल्लू कोंबडाच निघाला. क्लोरिंदाची कोंबडी पुढच्या सप्टेंबरमध्ये खुडूक बसली, तिच्या खाली नऊ निळी अंडी होती. एकविसाव्या दिवशी सासूला कुठं जायचं नव्हतं. तरी ती सकाळीच उठून बाहेर उन्हात जाऊन बसली, मला एकटीला आत सोडून. मी टोपलीपासून दोन हातांवर बसले आणि दोन्ही हात मांड्यांखाली घातले. एक पिल्लू सकाळपासून दुपारपर्यंत अडकलं होतं. ओरडायचं, थांबायचं. माझ्या हातांना मुंग्या आल्या, मग ते बधिर झाले. उन्हं कलल्यावर टरफलाची टोपी गोल फिरून निघाली आणि ते पाय झाडत बाहेर पडलं. एकूण सात निघाली. मी टरफलं गोळा करून बाहेर नेली आणि सासूच्या ओंजळीत ठेवली. तिनं सातही कडांवरून बोट फिरवलं.

डिसेंबरात पिल्लांना पिसं फुटली. एका सकाळी सासूनं त्यातल्या दोन माद्या टोपलीत घालायला लावल्या आणि म्हणाली, "निरोप न्यायचाय."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. मी तिच्यापुढं बसले. "काय सांगू?"

"तोच," ती म्हणाली. "मागचा."

मी तो तीनदा म्हटला. वर्षभरात एक शब्द विसरले नव्हते. तिनं चौथ्यांदा म्हणायला लावलं नाही.

तीन तास चालले. क्लोरिंदा कुंपणापाशी शेंगा तोडत होती. आणखी वाकलेली वाटली. तिनं मला बघितलं, टोपली बघितली आणि तिथंच थांबली. मला आत बोलावलं नाही. निरोप आधी, हे तिला कळलं होतं. मी टोपली खाली ठेवली.

"त्राफकिन, तुझ्या अंड्यांत दोन जीव होते. एक जगला. दुसरं अंडं माझ्या घरातल्या माणसानं वेळेआधी फोडलं आणि पिल्लू मारलं. जगलं ते तुझं."

तिनं शेंगा एप्रनमध्ये टाकल्या आणि काठीवर दोन्ही हात ठेवले.

"कुणी?" तिनं विचारलं.

ते निरोपात नव्हतं. निरोपात एक शब्द घालायचा नसतो.

"मी," मी म्हणाले.

क्लोरिंदानं मान डोलावली. तिच्या मागं दारात ती उरलेली म्हातारी कोंबडी माती उकरत होती.

"आता दुसऱ्यांदा सांग," ती म्हणाली.

मी दुसऱ्यांदा सांगितलं.